पिठात लपवलेलं खमीर: रोजच्या जगण्यातून ख्रिस्ती शिकवण कशी शोधतात

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब संदेशाला उभे राहिले की सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या घरगुती प्रसंगाने होते. चुकलेली एसटी, ऐन वेळी गेलेली वीज, नातवाने विचारलेला अवघड प्रश्न. मग वचन, मग दोहोंची सांगड, मग प्रार्थना. कॅथलिक मिस्सेतल्या प्रवचनाची घडणही फार निराळी नसते. घरोघरच्या प्रार्थनासभांमध्ये आयाबाया साक्ष देतात, तीही अशीच: अमुक झालं, त्यातून प्रभूने मला तमुक शिकवलं.

ही रीत ख्रिस्ती धर्माच्या अगदी मुळातली आहे. पण ती पुष्कळदा अर्धीच वापरली जाते. प्रसंग सुरू होताच त्याचा बोध काय निघणार ते मागच्या बाकावरच्या पोरालाही कळतं. आधीच माहीत असलेला बोध सांगायचा असेल तर प्रसंगाची गरज काय? नुसता बोध सांगावा, वेळ वाचतो. येशूने सांगितलेले दाखले नीट वाचले तर तिथे काहीतरी वेगळं चाललेलं दिसतं. ओळखीच्या गोष्टीत एक खडा लागतो, आणि शिकवण त्या खड्याशी असते.

येशूच्या आधी

रोजच्या जगातून धर्माचं बोलणं ही यहुदी परंपरेची जुनी सवय. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशी माणसाला मुंगीकडे पाठवलं आहे. यिर्मया संदेष्ट्याला देव कुंभाराच्या घरी जायला सांगतो. तिथे चाकावरचं भांडं बिघडतं आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं घडवतो, एवढंच तो पाहतो, आणि त्यावरून इस्राएलच्या घराण्याबद्दल बोलायला लागतो.

पण सगळ्यांत धारदार गोष्ट नाथान संदेष्ट्याची. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ती आहे. दावीद राजाने आपल्याच सैनिकाची बायको घेतली आणि त्या सैनिकाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान दरबारात येऊन एक तक्रार मांडल्यासारखी गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे गुरंमेंढरं उदंड, आणि शेजारच्या गरिबाकडे एकच कोकरी, घरच्या लेकीसारखी वाढवलेली, त्याच्याच ताटातलं खाणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने स्वतःच्या कळपातलं काही न काढता ती कोकरी कापली. दावीद भडकतो, असा माणूस मरणालाच योग्य आहे म्हणतो. तेव्हा नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच.

दावीद लहानपणी मेंढरं राखायचा. एक कोकरू म्हणजे काय, हे त्या दरबारात त्याच्याइतकं कुणाला कळणार? नाथानाने नेमकं ते निवडलं. रोजच्या अनुभवाची ताकद इथे आहे. ऐकणारा आपल्या जाणकारीच्या बळावर निकाल देऊन बसतो आणि मग कळतं की आरोपी आपणच आहोत.

गालीलातलं सामान

येशू नासरेथचा. मार्काच्या शुभवर्तमानात गावकरी त्याला सुतार म्हणून ओळखतात. त्याच्या दाखल्यांचं सामान गालीलातल्या खेड्यांतलं आहे: पेरणी, तण, अंजिराचं न फळणारं झाड, समुद्रात टाकलेलं जाळं, दिवा, मीठ, जुन्या कपड्याला नव्या कापडाचं ठिगळ, लग्नाची वरात, मध्यरात्री भाकरी मागायला आलेला मित्र, बाजारात खेळताना रुसलेली पोरं. कर्ज आणि सावकारी तर वारंवार येते, कारण लहान शेतकऱ्याचं आयुष्यच त्यात अडकलेलं होतं. दाखले किती, याचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो, पण तीस-चाळीसच्या आसपास धरायला हरकत नाही. ते मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहेत. योहानात भाकर, द्राक्षवेल, मेंढपाळ अशी रूपं आहेत, पण पेरणाऱ्यासारखी किंवा उधळ्या पुत्रासारखी लांब गोष्ट नाही.

या गोष्टींत देवाचं नाव फार कमी वेळा येतं, हे सहज लक्षात न येणारं वैशिष्ट्य. पीठ मळणारी बाई, मजूर लावणारा जमीनदार, हिशेब मागणारा राजा, मुलाची वाट पाहणारा बाप एवढीच माणसं. धर्माची भाषा बाजूला ठेवून धर्माबद्दल बोलायचं, असा हा सगळा व्यवहार आहे.

जिथे खटकतं तिथे

आता खड्याकडे वळू. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात एका वाक्याचा दाखला आहे. एका बाईने खमीर घेऊन तीन मापं पिठात लपवलं आणि सगळं पीठ फुगलं. प्रवचनांत याचा अर्थ बहुधा असा निघतो की लहान गोष्टीचा परिणाम मोठा होतो. खरं आहे, पण हे तर विरजण लावणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. ती तीन मापं म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण पस्तीस ते चाळीस लिटर पीठ. शंभरावर माणसं जेवतील इतक्या भाकरी. घरातली एक बाई एका वेळी इतकं पीठ कशाला मळेल? दुसरं म्हणजे, वल्हांडणाच्या सणात यहुदी घरातून खमीर झाडून काढायचे. खुद्द येशूने आणि पौलानेही ते वाईटाचं चिन्ह म्हणून वापरलं आहे. आणि ती बाई खमीर मिसळत नाही, लपवते. देवाच्या राज्याला एका बाईची, तीही लपवाछपवीची, आणि चांगल्या न मानलेल्या वस्तूची उपमा! ऐकणाऱ्या धार्मिक माणसाच्या भुवया वर गेल्या असणार.

मोहरीच्या दाण्याचंही तसंच. संदेष्ट्यांनी राज्याची थोरवी सांगताना गंधसरूसारखा उंच वृक्ष वापरला होता. येशू मोहरी घेतो. तिकडची काळी मोहरी माणसाच्या डोक्यावर जाते खरी, तरी ती मोहरीच. आणि तिच्यावर पाखरं येऊन बसतात, हे ऐकून शेतकऱ्याला आनंद होतो का? ज्याने कधी ज्वारी राखली आहे त्याने याचं उत्तर द्यावं.

कर्जमाफीच्या दाखल्यात तर आकडेच बोलतात. राजाचा एक चाकर दहा हजार तालांत देणं लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणं झालं सहा कोटी दिनारांचं. एकही सुट्टी न घेता फेडायचं तर दीड लाखाहून जास्त वर्षं लागतील. तो पाया पडून म्हणतो की मला थोडी सवड द्या, सगळं फेडतो. राजा हे सगळं माफ करतो. बाहेर पडताच चाकराला त्याचा जोडीदार भेटतो, शंभर दिनारांचा देणेकरी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीएवढा. त्याचा हा गळाच धरतो. शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम नाही, हे लक्षात ठेवायला हवं. आपलं जे येणं बुडलं आहे ते खरंच बुडलं आहे, हे येशू नाकारत नाही. तो फक्त शेजारी दुसरा आकडा मांडतो.

आणि द्राक्षमळ्यातले मजूर. मळ्याचा धनी पहाटे चौकात जाऊन मजूर ठरवतो, एक दिनार रोजाने. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता, काम संपायला तासभर उरला असताना. पाचला उभे असलेले सांगतात की आम्हाला कुणी लावलंच नाही. आपल्या शहरांतल्या मजूर नाक्यांवर हे रोज घडतं. दहा-अकरापर्यंत काम मिळालं नाही तर थापी, घमेलं घेऊन माणूस परत निघतो, आणि बघणारा मात्र त्याला रिकामटेकडा समजतो. संध्याकाळी मजुरी वाटायची वेळ येते. सूर्य मावळण्याआधी ती द्यावी असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. धनी सगळ्यांना एकेक दिनार देतो. इथवर त्याची उदारता. पण तो आणखी एक गोष्ट करतो: शेवटी आलेल्यांना आधी देतो, म्हणजे पहाटेपासून राबलेल्यांच्या डोळ्यांदेखत. पहिल्यांना आधी देऊन घरी पाठवलं असतं तर तक्रारच झाली नसती. त्याला ती व्हायला हवी आहे. हा दाखला मजूर संघटनेच्या सभेत वाचला तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. ऐकणाऱ्याला राग यायला पाहिजे. ज्याला राग येत नाही त्याने बहुधा गोष्ट ऐकलेलीच नाही.

अर्थ लावण्याची दोन टोकं

दाखल्यांचा अर्थ लावताना चर्चच्या इतिहासात दोन टोकं झाली. चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेला संत ऑगस्टिन चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत प्रत्येक वस्तूला एक गूढ अर्थ देतो. लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे चर्च, तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल. वाचायला गंमत वाटते, पण यरुशलेम ते यरीहोचा तो खराखुरा रस्ता, साधारण सत्तावीस किलोमीटरचा आणि हजारेक मीटर खाली उतरणारा, निर्जन, लुटारूंचा, तो कुठल्या कुठे नाहीसा होतो. माणूसही नाहीसा होतो.

दुसरं टोक जर्मन पंडित अडोल्फ युलिशरचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या त्याच्या ग्रंथाने ही रूपकांची जळमटं झाडून काढली आणि प्रत्येक दाखल्यात एकच मुद्दा असतो असं मांडलं. काम मोठं होतं. मात्र त्याचे ते मुद्दे बरेचसे सर्वसाधारण नीतिवाक्यांसारखे निघाले. ब्रिटनच्या सी. एच. डॉडने १९३५ मध्ये त्यावर लिहिताना दाखले त्यांच्या काळाच्या धगीत परत नेऊन ठेवले. त्याचं म्हणणं असं की ही ओळखीची चित्रं आपल्या नवलाईने मनाला पकडतात आणि अर्थ पुरता उघड न करता विचार करायला लावतात. आजच्या संदेशांतही ही दोन्ही टोकं भेटतात. कुणी गिरणीच्या जात्याच्या प्रत्येक पाळीला अर्थ चिकटवतो, कुणी सगळ्यावरून 'देवावर विश्वास ठेवा' एवढंच काढतो.

मठाचं स्वयंपाकघर आणि धुणं

दाखला ही ऐकण्याची गोष्ट झाली. स्वतःच्या दिवसाकडे तसं कसं पाहायचं, याचं शिक्षण पुढे मठांनी दिलं.

निकोलास हेर्मान हा फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या लोरेन प्रांतातला शिपाईगडी, १६१४ च्या सुमारास जन्मलेला. अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहून याला पुन्हा पानं-फुलं येतील हा विचार त्याच्या मनात आला आणि तो तिथेच बदलला. पुढे पॅरिसच्या कार्मेल मठात तो ब्रदर लॉरेन्स झाला आणि त्याला स्वयंपाकघर मिळालं. या कामाचा त्याला मुळात कंटाळा होता. ही गोष्ट भाविक पुस्तकांत गाळली जाते आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. भांड्यांच्या खडखडाटात, चारचौघं एकाच वेळी काही मागत असताना, त्याने देवाशी बोलत राहण्याची सवय लावून घेतली. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याला निराळी उरली नाही. १६९१ मध्ये तो गेला. त्याची पत्रं आणि त्याच्याशी झालेली बोलणी त्यानंतर छापली गेली.

लिझ्यूची संत तेरेसा १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिच्या आत्मकथनात धुण्याचा प्रसंग आहे. समोर बसलेली सिस्टर रुमाल धुताना मळकं पाणी तिच्या तोंडावर उडवायची. मागे सरकून तोंड पुसावं, म्हणजे तिला समजेल, असं आधी तिच्या मनात आलं. मग ती सरकली नाही. प्रार्थनेच्या वेळी शेजारी एक सिस्टर सतत बारीक आवाज करायची, तो ऐकून तिला घाम फुटायचा. शेवटी तो आवाज संगीतासारखा लक्ष देऊन ऐकायचं तिने ठरवलं. या लहान लहान कटकटींवर तिने आपली सगळी वाट उभी केली. हे प्रसंग इतके बारीक आहेत की लिहायचीही लाज वाटावी. ती लिहिते, आणि म्हणून त्यावर विश्वास बसतो.

इग्नेशियस लोयोलाने या सवयीला शिस्त दिली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि हा सरदार अंथरुणाला खिळला. वाचायला हाती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. पडल्या पडल्या त्याने एक निरीक्षण केलं. दरबारी पराक्रमाची स्वप्नं पाहताना मजा येई, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याची कल्पना केली की मागाहूनही समाधान टिके. मनाचे हे चढउतार वाचायला शिकणं म्हणजेच त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाचा पाया. ते पुस्तक १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने छापलं गेलं. त्यातली रोजची मनझडती त्याच्या संघाचे लोक, म्हणजे जेझुइट, आजही करतात: आधी दिवसाबद्दल आभार, मग नीट दिसावं म्हणून मागणं, मग तासातासाने दिवस आठवणं, चुकलेल्याबद्दल क्षमा, आणि उद्याचा निश्चय. क्रम पाहा. आभार आधी आणि झडती नंतर. उलट केलं तर माणूस रोज रात्री स्वतःला फटके मारत बसेल.

मराठी घरात

हे जेझुइट १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियरबरोबर गोव्यात आले. त्यांच्यातलाच एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये आला आणि साष्टीत राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला काही नव्हतं. स्टीफन्सने त्यांच्यासाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये राशोलला ते रोमी लिपीत छापलं. त्याने निवड ओवीची केली ही खरी दृष्टी. जात्यावर, पाळण्याशी, देवळाच्या ओसरीवर जो छंद लोकांच्या अंगात मुरला होता त्यातूनच कथा सांगितली, म्हणून ती पुढे पुन्हा छापावी लागली.

तीनशे वर्षांनी हेच काम अहमदनगरात नारायण वामन टिळकांनी अभंगांतून आणि कीर्तनांतून केलं. टिळकांचं स्वतःचं वळणही आगगाडीच्या डब्यातलं. राजनांदगावच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. मीठ, दिवा, आकाशातली पाखरं, रानातली फुलं अशी ज्या प्रवचनाची भाषा, ते ज्याला 'फुलामुलांचे कवी' म्हणतात अशा माणसाला भिडावं यात नवल नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'उपासना संगीता'तून त्यांची गीतं आजही मराठी मंडळ्यांत म्हटली जातात.

पण माझ्या मते या विषयात टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सरस. त्यांच्या आठवणी, 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून चार भागांत आल्या. वडिलांचं टोकाचं सोवळं, बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात न घेण्याचं वेड. नवऱ्याचा हात इतका सैल की संसाराचा पैसा दारी आलेल्याच्या हाती जायचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावरची ताटातूट, मग पाच वर्षांनी त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. घरात सांभाळलेली पोरकी मुलं. यांतल्या प्रत्येकावर एकेक प्रवचन झोडता आलं असतं. लक्ष्मीबाई झोडत नाहीत. त्या प्रसंग सांगतात, स्वतःवर हसतात आणि पुढे जातात. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला तेव्हा त्यांनी ग्रंथ उघडले नाहीत. आपल्याच डोळ्यांनी दिसणारं जग तपासलं, देवाने केलेले भेद दिसतात आणि हा दिसत नाही असं ठरवलं, आणि मग कुणाच्याही हातचं पाणी घ्यायला लागल्या. विचार थेट तांब्यापर्यंत पोचला.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात रोजच्या जगण्याशी श्रद्धेची ही सांगड सामुदायिक केली. १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या. शेत, माग, तेलघाणा, छापखाना ही कामं या मुली-बायकाच करत. भजन-प्रार्थना आणि काम एकाच आवारात. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं सोपं मराठी भाषांतर करण्यात घालवली, ते साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, आणि त्याची छपाईही मुक्तीतच झाली. त्या १९२२ मध्ये गेल्या.

वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. नव्या भाताची कणसं मिरवत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. गोव्यात हाच सण ऑगस्टमध्ये. आता पुष्कळ गावांत शेतीच उरली नाही, इमारती झाल्या, तरी कणसं कुठूनतरी आणून आगेरा करतात. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी वर्षानुवर्षं 'सुवार्ता' हे मासिक चालवलं, 'सुबोध बायबल' लिहिलं आणि हरित वसईच्या आंदोलनातही उभे राहिले. विहिरीचं गोडं पाणी टँकरमधून जातंय, हा त्यांना श्रद्धेबाहेरचा विषय वाटला नाही.

दुसऱ्याच्या दुःखावर आपला धडा

ही रीत सगळ्यांत वाईट फसते ती दुर्घटनेपाशी. बस दरीत कोसळते, बारा माणसं जातात, वाचलेला माणूस प्रार्थनासभेत उभा राहून म्हणतो की प्रभूने मला वाचवलं. त्याची कृतज्ञता खरी असते, तिच्यावर कुणी बोट ठेवू नये. पण त्यावरून सभेत कुणी धडा काढला की देव आपल्या माणसांना वाचवतो, तर त्या बारांच्या घरी काय सांगायचं?

नव्या करारात याचं उत्तर आहे आणि ते रोखठोक आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख येतो. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं विचारून येशू स्वतःच नाही म्हणतो, आणि बोट ऐकणाऱ्यांकडे वळवतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की आईबापाचं. तिथेही दोघांचंही नाही, असंच उत्तर. त्याच्या कितीतरी आधी ईयोबाच्या मित्रांचं पितळ उघडं पडलं होतं. मुलंबाळं, गुरंढोरं, अंगाची कातडी, सगळं गेलेल्या ईयोबाजवळ ते सात दिवस न बोलता बसले. त्यांच्या हातून झालेलं उत्तम काम तेवढंच. तोंड उघडून धडे काढायला लागले तसे बिघडत गेले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो.

यावरून एक साधा निर्बंध घालून घेता येतो. धडा स्वतःच्या अनुभवातून, स्वतःसाठीच काढावा. शेजारणीच्या कॅन्सरमधून आपण शिकायचं नसतं, तिला डबा पोचवायचा असतो. याच्या दुसऱ्या टोकाला फुटकळ चमत्कारांची हौस असते: पार्किंग मिळालं, लोकलमध्ये खिडकी मिळाली, धन्यवाद प्रभू. आभार मानण्यात वाईट काही नाही. फक्त त्या खिडकीसाठी दुसरं कुणी उभं राहिलं, हेही त्याच डब्यात दिसत असतं.

करून पाहायचं तर

आधी प्रसंग पुरता आठवावा, तपशिलासकट: कोण, कुठे, किती पैसे, कोण काय बोललं. बोध सुचला तरी बाजूला ठेवावा. मग खटकणारी जागा शोधावी. जिथे लाज वाटली, राग आला, किंवा आपण विषय बदलला, ती. त्यानंतरच वचन उघडावं, आणि आपल्या बाजूने बोलणारं वचन आधी सापडलं तर आणखी थोडं शोधावं. संडे स्कूलच्या मुलांबरोबर हे मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं, कारण उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकट्यासाठी कापलेलं वासरू, त्याला मिळालेला अंगरखा, अंगठी पाहून मोठ्या भावाला वाईट वाटणारच, हे ती बेधडक सांगून टाकतात.

एक नमुना घेऊ. घरकामाला येणाऱ्या मावशींचे या महिन्यात नऊ खाडे झाले, मुलगा दवाखान्यात होता. एक तारखेला पगार द्यायचा आहे. खाड्यांचे कापावेत तर हिशेब बरोबर आहे, ठरलेलंच आहे. पूर्ण द्यावा तर शेजारच्या फ्लॅटमधली बाई म्हणणार, तुम्ही सवयी बिघडवता. वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या दुसऱ्या मावशी, ज्यांनी एकही खाडा केला नाही, त्याही विचारणार. प्रार्थनागटात हा प्रश्न मांडला तर तट पडतात. कुणी कराराचं बोलतं, कुणी दयेचं, कुणी विचारतं की भरपगारी रजा मुळात ठरलीच का नव्हती. आणि हा तिसरा प्रश्न सगळ्यांत अडचणीचा असतो, कारण तो एक तारखेपुरता उरत नाही. चहा येईपर्यंत निकाल लागला नाही तरी बिघडत नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मळ्याचा धनी कुरकुरणाऱ्या मजुराला उलट प्रश्न विचारतो, आणि त्यावर मजूर काय म्हणाला ते मत्तयाने लिहिलेलं नाही.